संगणकातला फोन : एम्युलेटरची ओळख

समजा, शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यासाठी एक नवे संकेतस्थळ तयार झाले आहे. तयार करणाऱ्यांनी ते आपल्या संगणकाच्या रुंद पडद्यावर नीट तपासले. सगळे रकाने जागच्या जागी आहेत, अक्षरे स्पष्ट आहेत, पान क्षणात उघडते. आता तोच अर्ज एक विद्यार्थिनी घरातल्या जुन्या फोनवर उघडते. पडदा तळहाताएवढा. पान अर्ध्या मिनिटानंतर दिसते, आणि ‘अर्ज पाठवा’ हे बटण उजव्या कडेच्या बाहेर गेलेले असल्यामुळे तिला ते सापडतच नाही. मुदत त्याच दिवशी संपते. संकेतस्थळाच्या आज्ञावलीत गणिताची एकही चूक नाही, तरीही या मुलीपुरते ते संकेतस्थळ नापास झाले आहे.

यावर उपाय उघड दिसतो : संकेतस्थळ किंवा अ‍ॅप लोकांच्या हाती देण्यापूर्वी ते फोनवरच तपासावे. पण कोणत्या फोनवर? २०१५ साली झालेल्या एका पाहणीत केवळ अँड्रॉइड प्रणालीवर चालणारी २४,००० हून अधिक प्रकारची उपकरणे आढळली होती. कोणाचा पडदा लहान, कोणाची स्मृती अपुरी, कोणाची प्रणाली सहा वर्षांपूर्वीची. इतके फोन विकत घेऊन टेबलावर मांडणे कोणालाच शक्य नाही. म्हणून संगणकातच फोनची नक्कल उभी करतात. अशी नक्कल उभी करणाऱ्या साधनाला एम्युलेटर म्हणतात. ते कसे काम करते, आणि त्याच्या शब्दावर कितपत विश्वास ठेवावा, हे या लेखात पाहू.

एक यंत्र दुसरे यंत्र कसे होते?

चरख्याचे शिवणयंत्र होत नाही. पण एक संगणक दुसरा संगणक ‘होऊ’ शकतो. याचे कारण इंग्रज गणिती ॲलन ट्यूरिंग यांनी १९३६ साली एका शोधनिबंधात मांडले. त्यांनी एका काल्पनिक सार्वत्रिक यंत्राचे वर्णन केले. दुसऱ्या कोणत्याही गणनयंत्राचे नियम या यंत्राला लिहून दिले, की ते त्या यंत्रासारखेच वागू लागते. गणन करणे म्हणजे ठरलेले नियम ठरलेल्या क्रमाने पाळणे. नियम कोण पाळतो, लोखंडी चाके, विजेचे प्रवाह की कागद-पेन्सिल घेतलेला माणूस, याने उत्तर बदलत नाही.

हे वाचून समजण्यापेक्षा करून लवकर समजते. ‘चिमणी’ नावाचे एक अगदी छोटे यंत्र कल्पू. त्याच्यात ‘अ’ आणि ‘ब’ असे संख्या ठेवण्याचे दोन खण आहेत आणि त्याला पाचच आज्ञा कळतात :

१० – पुढे लिहिलेली संख्या अ खणात ठेव.
२० – पुढे लिहिलेली संख्या ब खणात ठेव.
३० – अ मधील संख्येत ब मधील संख्या मिळव; बेरीज अ मध्येच ठेव.
४० – अ मधील संख्या दाखव.
५० – थांब.

आता ही आज्ञावली घ्या : १०, ७, २०, ५, ३०, ३०, ४०, ५०.

कागदावर अ आणि ब असे दोन चौकोन काढा. डाव्या हाताचे बोट पहिल्या आकड्यावर ठेवा. आकडा वाचा, तक्त्यात त्याचा अर्थ पाहा, सांगितलेली कृती करा आणि बोट पुढच्या आज्ञेवर न्या. अ मध्ये ७ येतील, ब मध्ये ५ येतील. पहिल्या ३० ला अ मध्ये १२ होतील, दुसऱ्या ३० ला १७. मग ४० ही आज्ञा येताच तुम्ही १७ दाखवाल आणि ५० ला थांबाल.

चिमणी हे यंत्र कोणीही बनवलेले नाही. तरीही त्याची आज्ञावली आपण चालवली आणि तिचे उत्तर मिळवले. तेवढ्या वेळापुरते तुम्ही चिमणीचे एम्युलेटर झालात. संगणकातला एम्युलेटर नेमके हेच करतो. ‘खण’ म्हणजे त्याने आपल्या स्मृतीत राखून ठेवलेल्या जागा, ‘बोट’ म्हणजे पुढची आज्ञा कोठे आहे हे सांगणारा आकडा, आणि ‘तक्ता’ म्हणजे फोनच्या प्रोसेसरला कळणाऱ्या सर्व आज्ञांची यादी.

एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. चिमणीची एक आज्ञा पाळण्यासाठी तुम्हाला वाचणे, अर्थ पाहणे, कृती करणे आणि बोट हलवणे अशी चार कामे करावी लागली. म्हणूनच नकलेचा वेग मूळ यंत्राशी जुळेलच असे नाही. नक्कल करणारा संगणक मूळ यंत्रापेक्षा बराच वेगवान असेल तरच नक्कल चपळ वाटते.

नकलेचा इतिहास

‘एम्युलेटर’ हा शब्द संगणकशास्त्रात आला तो अमेरिकेतील आयबीएम कंपनीतून. या कंपनीचा १४०१ हा संगणक १९५९ साली जाहीर झाला आणि अनेक कचेऱ्यांत पोहोचला. पुढे ७ एप्रिल १९६४ रोजी कंपनीने सिस्टिम/३६० ही नवी संगणकमालिका जाहीर केली. नव्या यंत्रांची आज्ञाभाषा वेगळी होती. मग ग्राहकांनी वर्षानुवर्षे लिहून घेतलेल्या जुन्या आज्ञावल्या टाकून द्यायच्या काय? यावर तोड म्हणून मालिकेतील काही यंत्रांत जुन्या संगणकांची नक्कल करण्याची सोय ठेवण्यात आली. नव्या यंत्राच्या पोटात जुने यंत्र नांदू लागले.

ही झाली जुन्या यंत्राची नक्कल. पण जे यंत्र आपल्या हाती अजून आलेलेच नाही, त्याचीही नक्कल करता येते. याचे एक गाजलेले उदाहरण १९७५ सालचे आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० या लहान संगणकाचे चित्र झळकले. बिल गेट्स आणि पॉल ॲलन या दोन तरुणांनी त्याच्यासाठी बेसिक ही संगणकभाषा तयार करण्याचे ठरवले. अडचण एवढीच, की त्यांच्यापाशी अल्टेअर नव्हता. ॲलन यांनी अल्टेअरमधील इंटेल ८०८० या प्रोसेसरची माहितीपुस्तिका मिळवली आणि तिच्यावरून हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर ८०८० चा एम्युलेटर लिहिला. त्या नकलेवर त्यांची बेसिक भाषा तयार झाली व तपासली गेली.

मग ॲलन छिद्रे पाडलेली कागदी फीत घेऊन विमानाने न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्क येथे, अल्टेअर बनवणाऱ्या कंपनीकडे निघाले. विमान उतरण्याच्या बेतात असताना त्यांच्या ध्यानात आले, की फितीवरील आज्ञावली यंत्राच्या स्मृतीत भरून घेणारी छोटी आज्ञावली आपण लिहिलेलीच नाही. नकलेवर काम करताना ही उणीव उघडी पडली नव्हती. त्यांनी ती विमानातच लिहून काढली. खऱ्या अल्टेअरवर बेसिक चालले आणि दोन अधिक दोन किती, या प्रश्नाला त्याने चार हे उत्तर दिले.

या एका गोष्टीत एम्युलेटरचे बळ आणि त्याची मर्यादा दोन्ही आली आहेत. यंत्राला हातही न लावता त्याच्यासाठी लिहिलेली हजारो आज्ञांची आज्ञावली अचूक तपासता आली, हे बळ. पण ज्या गोष्टीची नक्कल केलीच नव्हती तिच्याविषयी एम्युलेटर गप्प राहिला, ही मर्यादा.

अँड्रॉइडच्या बाबतीतही असेच घडले. अ‍ॅप लिहिणाऱ्यांसाठी अँड्रॉइडची साधने नोव्हेंबर २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांत एम्युलेटर होता. अँड्रॉइडचा पहिला फोन दुकानात आला तो ऑक्टोबर २००८ मध्ये. मधले जवळजवळ वर्षभर पहिली अ‍ॅप्स अशा फोनसाठी लिहिली गेली, जो संगणकाच्या पडद्याबाहेर कोठेही विकत मिळत नव्हता. हा एम्युलेटर क्यूएमू या साधनावर आधारलेला आहे. क्यूएमूचा जनक फ्रान्समधील आज्ञावलीकार फाब्रिस बेलार.

क्यूएमूची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. परक्या भाषेतील पुस्तक वाचताना प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडला तर वाचन रखडते. त्याऐवजी एक परिच्छेद भाषांतरित करून वहीत लिहून ठेवला आणि तो पुन्हा आला की वहीतून वाचला, तर काम वेगाने होते. क्यूएमू फोनच्या आज्ञांचे असेच तुकड्यातुकड्यांनी भाषांतर करतो आणि ते जपून ठेवतो. संगणक आणि नकलेतला फोन यांची आज्ञाभाषा एकच असेल तर भाषांतराचीही गरज उरत नाही. मग नक्कल फारच वेगाने चालते.

नकलेचे तीन प्रकार

फोनवरील तपासणीसाठी तीन वेगवेगळी साधने वापरतात. त्यांना सरसकट एकच नाव देण्याची चूक अनेकदा होते, म्हणून त्यांतील फरक पाहू.

पहिला प्रकार म्हणजे नुसता मुखवटा. संगणकावरील ब्राउझरला आपण सांगतो, की तुझी चौकट फोनएवढी अरुंद कर आणि संकेतस्थळाला ‘मी अमुक फोन आहे’ असे सांग. पान अरुंद जागेत कसे मांडले जाते ते यातून तत्काळ दिसते. पण आतले सगळे यंत्र संगणकाचेच असते. पोलिसाचा गणवेश चढवला म्हणून नट पोलीस होत नाही, तसेच हे.

दुसरा प्रकार सिम्युलेटर. आयफोनसाठी अ‍ॅप लिहिणारे ॲपल कंपनीचे जे साधन वापरतात ते या जातीचे आहे. यात फोनच्या प्रणालीचे वागणे उभे केलेले असते, पण अ‍ॅप चालते ते मॅक संगणकाच्या प्रोसेसरसाठी तयार करून, त्याच्याच वेगाने आणि त्याचीच स्मृती वापरून. प्रोसेसरची नक्कल यात नसते.

तिसरा प्रकार खरा एम्युलेटर. यात प्रोसेसर, स्मृती, साठवण, पडदा अशा फोनच्या अवयवांची नक्कल असते आणि तिच्यावर फोनची प्रणाली जशीच्या तशी चालते. आपण नकली फोन ‘बंद’ करून पुन्हा ‘चालू’ केला, तर खऱ्या फोनप्रमाणेच त्याची सर्व सुरुवात नव्याने होते.

परीक्षा कशी घेतात?

सर्वप्रथम पडद्याची परीक्षा. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनचा पडदा ३२० ठिपके रुंद व ४८० ठिपके उंच होता. त्या काळची संकेतस्थळे संगणकाच्या पडद्यासाठी लिहिलेली असत. म्हणून फोनचा ब्राउझर पान ९८० ठिपके रुंद आहे असे धरून मांडी आणि मग आक्रसून ३२० ठिपक्यांत बसवी. ९८० भागिले ३२० म्हणजे सुमारे ३. याचा अर्थ, ३ मिलिमीटर उंचीचे अक्षर १ मिलिमीटरचे होई! ‘पान पडद्याच्या स्वतःच्या रुंदीप्रमाणेच मांड’ अशी सूचना पानात लिहिली, की हा प्रकार टळतो. ती सूचना विसरली आहे काय, हे नकलेत लगेच कळते.

पुढे एकाच आकाराच्या पडद्यावर अधिकाधिक ठिपके मावू लागले. म्हणून अँड्रॉइडमध्ये लांबी ठिपक्यांत न मोजता ‘एका इंचात १६० ठिपके’ असलेल्या प्रमाण पडद्यावरून मोजतात. ४८ मापाचे बटण अशा पडद्यावर ४८ ठिपक्यांचे असते. इंचात ३२० ठिपके असतील तर ९६ आणि ४८० असतील तर १४४ ठिपक्यांचे होते. तिन्ही ठिकाणी त्याची लांबी ४८ ÷ १६० = ०.३ इंच, म्हणजे सुमारे ७.६ मिलिमीटर राहते. उंदराचा बाण एका ठिपक्यावर टेकतो. बोटाचे टोक मात्र सुमारे एक सेंटिमीटर रुंद असते. त्यामुळे याहून लहान बटणे एकमेकांना खेटून ठेवली तर बोट भलत्याच बटणावर पडते.

दुसरी परीक्षा जाळ्याच्या वेगाची. एका पानाचा भार २ मेगाबाइट आहे असे धरू. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणून हे झाले १६ मेगाबिट, म्हणजे १ कोटी ६० लाख बिट. सेकंदाला २ कोटी बिट आणणाऱ्या जोडणीवर पान ०.८ सेकंदात येते. सेकंदाला ४ लाख बिट आणणाऱ्या जोडणीवर त्यालाच ४० सेकंद लागतात. शिवाय प्रत्येक मागणीला उत्तर सुरू होण्यास ०.४ सेकंद लागत असतील आणि पानाने ३० वस्तू एकामागून एक मागवल्या, तर त्यात आणखी १२ सेकंदांची भर पडते. एम्युलेटरमध्ये असा मंद वेग आणि असा विलंब मुद्दाम लावता येतो. वेगवान जोडणीच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला दुर्बळ जोडणीची वाट पाहायला लावणारा हा एक सोपा उपाय आहे.

तिसरी परीक्षा प्रसंगांची. अर्ज भरता भरता फोन वाजला तर भरलेले रकाने टिकतात काय? बॅटरी ५ टक्क्यांवर आली तर अ‍ॅप कसे वागते? एम्युलेटरला खोटा फोन करता येतो, खोटा संदेश पाठवता येतो, बॅटरीचा आकडा बदलता येतो. १६.९९ उत्तर अक्षांश आणि ७३.३० पूर्व रेखांश सांगितले, की पुण्यातील टेबलावरचा नकली फोन स्वतःला रत्नागिरीत समजू लागतो. तपासणीचा ठरावीक टप्पा गाठल्यावर फोनची सगळी स्थिती जशीच्या तशी साठवून ठेवता येते आणि तीच परीक्षा हव्या तितक्या वेळा त्याच बिंदूपासून घेता येते. खऱ्या फोनवर हे सहजी साधत नाही.

चौथी परीक्षा आपल्या लिपीची, आणि ती मराठी माणसाने घेतल्याखेरीज कोणी घेणार नाही. सुरुवातीच्या काही अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन दिसत. आज अक्षरे दिसतात, पण तेवढ्याने काम भागत नाही. ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’ या शब्दांतील अर्धा र हा मराठीचा खास आहे. तो नीट जोडला जातो काय, वरची मात्रा किंवा खालचा उकार कापला जातो काय, लांब मराठी शब्द बटणाबाहेर सांडतो काय, हे प्रणालीच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्या एम्युलेटरमध्ये एकापाठोपाठ एक चालवून पाहता येते.

नक्कल कोठे संपते?

आता मुख्य प्रश्न. एवढे सगळे साधले, मग खऱ्या फोनची गरज काय?

चिमणीकडे पुन्हा वळू. कागदावर मिळालेले १७ हे उत्तर खोटे नव्हते. नकली यंत्रात केलेली बेरीज ही खरीच बेरीज असते. पण चिमणीत वीज आहे अशी कल्पना करून कागदावर ‘वीज’ असे लिहिले, तर त्या शब्दाने दिवा लागणार नाही. जे काही गणनाने ठरते ते नकलेत तंतोतंत उतरते. जे पदार्थाच्या गुणधर्मांनी ठरते ते नकलेत केवळ एक आकडा होऊन बसते, आणि तो आकडा आपणच भरलेला असतो.

म्हणून एम्युलेटरची बॅटरी ५ टक्के दाखवते, पण अ‍ॅप किती वीज खाते ते सांगत नाही. नकली फोन तापत नाही. खरा फोन तापला की स्वतःचा वेग कमी करतो. नकली पडद्यावर ऊन पडत नाही, पावसाचा थेंब पडत नाही, त्याला तडा जात नाही. नकलेत बोटाऐवजी उंदराचा बाण फिरतो. जाळ्याचा वेग आपण ४ लाख बिट ठरवला तर तो तेवढाच राहतो. घाटातून जाणाऱ्या एस्टीत मात्र जोडणी येते, जाते, पुन्हा येते. काही उत्पादक अँड्रॉइडमध्ये स्वतःचे फेरफार करतात, तेही मूळ प्रणालीच्या नकलेत आढळत नाहीत. आणि अ‍ॅप नकलेत किती वेगाने चालले यावरून स्वस्त फोनवरच्या वेगाचा अंदाज बांधणे तर साफ चुकीचे ठरते, कारण तो वेग संगणकाचा असतो.

थोडक्यात, एम्युलेटर आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. जो प्रश्न आपल्याला सुचलाच नाही तो विचारण्याचे काम खरा फोन, आणि त्याहून अधिक खरा वापरणारा करतो.

म्हणून तपासणीचा एक क्रम ठरून गेला आहे. लिहिताना क्षणोक्षणी ब्राउझरचा मुखवटा वापरावा, कारण तो झटपट आहे. एकेक भाग पूर्ण झाला, की लहान-मोठ्या पडद्यांच्या आणि नव्या-जुन्या प्रणालींच्या एम्युलेटरवर चालवावा. हे काम आपोआप, रात्रभरही चालू ठेवता येते. शेवटी काही मोजके खरे फोन घ्यावेत आणि त्यांत एक तरी जुना, स्वस्त आणि स्मृतीने तोकडा असावा. सर्वांत भारी फोनवर पास झालेले अ‍ॅप साध्या फोनवर नापास होऊ शकते. साध्या फोनवर सुखाने चालणारे अ‍ॅप भारी फोनवर अडण्याचा संभव कमी.

करून पाहा

१. चिमणीच्या आज्ञा वापरून ६ × ४ चे उत्तर दाखवणारी आज्ञावली लिहा. गुणाकाराची आज्ञा नाही, हे लक्षात ठेवा. आज्ञावली मित्राला द्या आणि त्याला एम्युलेटर होऊन ती चालवू द्या. त्याने काहीही ‘समजून’ घ्यायचे नाही, केवळ तक्ता पाळायचा.

२. शाळेच्या संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्स ब्राउझरमध्ये एखादे मराठी संकेतस्थळ उघडा आणि एफ-१२ ही कळ दाबा. उघडलेल्या चौकटीत फोनचे छोटे चित्र शोधून त्यावर टिचकी मारा. पडद्याची रुंदी ३२० करा. कोणता मजकूर कडेबाहेर जातो, कोणती बटणे एकमेकांवर चढतात, याची नोंद करा. नंतर त्याच चौकटीतून जाळ्याचा वेग मंद करा आणि पान पूर्ण येण्यास किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा.

३. तेच संकेतस्थळ घरातल्या खऱ्या फोनवर, एकदा घरात आणि एकदा भर उन्हात उघडा. दुसऱ्या प्रयोगात न दिसलेल्या कोणत्या अडचणी येथे दिसल्या? दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहा.

विचार करा

१. तीन मेगाबाइटचे पान सेकंदाला ६ लाख बिट आणणाऱ्या जोडणीवर किती वेळात येईल? (१ मेगाबाइट = १० लाख बाइट धरा.)
२. इंचात २४० ठिपके असलेल्या पडद्यावर ४८ मापाचे बटण किती ठिपक्यांचे होईल?
३. पुढीलपैकी कोणत्या गोष्टी एम्युलेटरवर विश्वासाने तपासता येतील व कोणत्या नाहीत, ते कारणासह सांगा : व्याजाचा हिशेब, फोनचे तापणे, जोडाक्षरांची मांडणी, अंगठ्याने बटण सापडणे, भरलेला अर्ज फोन आल्यावर टिकणे.

उत्तरे : १) ४० सेकंद. २) ७२ ठिपके. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्गात चर्चा करून ठरवा. ‘हे गणनाने ठरते की पदार्थाने?’ ही कसोटी प्रत्येक गोष्टीला लावून पाहा.